जिनिंगच्या आवारातलं हेलिकॉप्टर

गणवीर मिस्त्रींशी बोलायचं तर आधी खाकरून घसा मोकळा करून घ्यावा लागे. राळेगावच्या आमच्या जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात रेच्यांच्या मधोमध काढली होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. असे दोन डझन रेचे एकदम सुरू झाले की त्या गदारोळात शेजारच्या माणसाचंही काही ऐकू येत नाही. त्यातच मिस्त्रींचे कान गेले. सगळे नाही गेले, बारीक आवाजाचे गेले आणि जाड आवाजाचे राहिले. त्यामुळे बायकांचं बोलणं त्यांना ऐकू येत नसे आणि ट्रकचा हॉर्न मात्र व्यवस्थित ऐकू येई. ते स्वतः कोणाशीही बोलताना रेचे सुरूच आहेत अशा बेतानं बोलत. मयताच्या घरी भेटायला गेले तरी मागच्या गल्लीत कळायचं की मिस्त्री सांत्वन करताहेत.

मी तिथे ग्रेडर होतो. कापसाची मूठ उचलायची, धागा ताणून बघायचा आणि दर्जा सांगून मोकळं व्हायचं, हे माझं काम. या कामानं मला माणसांचेही दर्जे लावायची खोड लागली. ही खोड वाईट आहे असं बायको अधूनमधून ऐकवते, आणि तिचं खरं आहे. कारण मिस्त्रींना मी पहिल्याच दिवशी अगदी खालच्या दर्जात टाकून दिलं होतं. नव्या नोकरीवर रुजू होऊन मी चहा प्यायला गेलो आणि परत येतो तो माझ्या टेबलावरचा पंखा सुटा होऊन वर्तमानपत्रावर पसरलेला. पाती एकीकडे, जाळी एकीकडे, आणि मध्ये मांडी घालून हा काळासावळा, रुंद पंजांचा माणूस.

"अहो, चालू होता तो पंखा!" मी ओरडलो.

"चालू व्हता म्हनूनच खोलला," मिस्त्री शांतपणे म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते शांतपणे. "बंद पडल्यावर त कोनीबी खोलते, साहेब."

त्यानंतर तो पंखा सतरा वर्षं चालला, हे मला प्रामाणिकपणे सांगितलंच पाहिजे.

मिस्त्रींचा सारा विश्वास हातांवर होता. कानांनी दगा दिल्यावर त्यांनी बांबूची वीतभर काडी बाळगायला सुरुवात केली. तिचं एक टोक चालत्या रेच्याला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. क्षणभरात निदान व्हायचं. "याचं बेअरिंग आठ दिसांत जाते." आठ दिवसांनी ते जायचंच. मालकाचा एक इंजिनियर भाचा एकदा मोजमापाची उपकरणं घेऊन आला होता. मिस्त्रींनी त्याला आदरानं सगळं मोजू दिलं, त्याचं झाल्यावर काडी लावली आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय. आता त्याच्या बाजूचा रेचा पाहा, खराबी त्याच्यात हाय." भाचा जेवायलाही थांबला नाही.

ती वर्षं आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना फार वाईट गेली. वर्तमानपत्र उघडलं की आमच्याच एखाद्या गावाचं नाव असायचं, आणि कशासाठी आहे हे वाचायच्या आधी कळायचं. मग हेलिकॉप्टर यायचं. आकाशात घरघर ऐकू आली की बाया हातातलं काम टाकून एकमेकींना विचारायच्या, कोणाच्या घरी? अशाच एका दौऱ्यात कोणी मोठे नेते आमच्या तालुक्यात यायचे ठरले आणि सपाट, फरसबंदीची मोठी जागा म्हणून आमच्या जिनिंगचं आवार निवडलं गेलं. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारलं, चुन्यानं गोल आखला. हेलिकॉप्टर उतरलं. सारा गाव नेत्यांकडे धावला आणि आमचे मिस्त्री हेलिकॉप्टरकडे. वरच्या पंख्याच्या मुळाशी मान वर करून ते असे उभे राहिले की दोन पोलिसांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. तरी पायलटला त्यांनी गाठलंच.

"साहेब, याले ग्रीस कोनतं लावता?"

पायलट हसला. सांगितलं त्यानं काहीतरी. पुढे आठवडाभर मिस्त्रींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पंख्याचं प्रत्येक पातं फिरता फिरता स्वतःचा कल बदलतं, हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं. हातांच्या दोन पंजांनी ते मला समजावून सांगायचे आणि पुण्याला असलेल्या मुलीला, प्रज्ञालाही, त्यांनी फोनवर ते समजावलं. फोनवर म्हणजे माझ्यामार्फत. त्यांना फोनवरचं ऐकू येत नसे, म्हणून प्रज्ञाचा फोन माझ्या घरी यायचा. ती मला सांगायची, मी मिस्त्रींच्या कानात ओरडायचो, आणि मिस्त्री जे बोलायचे ते फोनशिवायही पुण्याला गेलं असतं.

दोन हंगामांनंतर आमची जिनिंग बंद पडली. माझी सोय शेजारच्या तालुक्यात झाली, मी जाऊन-येऊन करू लागलो. मिस्त्रींना मालकानं घरी बसायला सांगितलं. ते घरी बसले नाहीत. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, आणि घरी बसून बोलणार तरी कोणाशी? रोज सकाळी चौकीदाराकडून किल्ली घ्यायची, बंद हॉलमध्ये जायचं आणि एकेक रेचा हातानं फिरवून तेल द्यायचं, असा त्यांनी नेम धरला.

"हे कोणासाठी करता मिस्त्री?" मी विचारलं.

"उद्या सुरू करतो म्हनले मालक, त? बसलेली मशीन मंग उठत नाही, साहेब."

मालक काही म्हणणार नव्हते. हे मला माहीत होतं आणि मला वाटतं त्यांनाही माहीत होतं.

प्रज्ञा म्हणत होती, पुण्याला या. ती एका कारखान्यात पाळीवर जायची. नवरा आखातात, वर्षातून एकदा यायचा. घरात ती आणि चार वर्षांची मुलगी, मैत्री. मिस्त्री दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "आपून तिथं करावं काय? टीव्ही पाहावा?" तिनं आग्रह केला की ते रेच्यांची नावं सांगत. कोणाला तेल हवं, कोणाचा पट्टा सैल आहे. एकदा तिनं मला म्हटलं, "काका, हे त्यांले सांगू नका, पन मी लय थकली. रात्रपाळी आली की मैत्रीले कुठं ठेवू हाच विचार. मी तसं म्हनलं त ते येतीन, पन माह्यावर उपकार केल्यावानी येतीन, अन् मंग तिकडं कुढत बसतीन. त्यांचं मन झालं पाह्यजे." मिस्त्री समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनते?" मी ओरडलो, "मजेत आहे म्हणते!"

मग एका शनिवारी एसटीच्या पार्सलनं एक लांबडा खोका आला. आत हेलिकॉप्टर. खेळणं म्हणावं तर खेळणं नव्हे. दोन हातांएवढं लांब, खरं इंजिन, खरं इंधन, आणि दोन दांड्यांचा रिमोट. पुण्यातल्या तिच्या कुणा हौशी सहकाऱ्यानं मागवलं होतं आणि बदली झाली म्हणून देऊन टाकलं होतं. जवळजवळ सगळी जोडणी ते बनवणाऱ्या कारखान्यातच झालेली. आपण फक्त इंजिन बसवायचं, रिमोटचा संच जोडायचा, पाती लावायची आणि उडवायचं.

त्याच दिवशी फोन आला आणि पैज लागली. प्रज्ञा म्हणाली, "बुद्धपौर्णिमेले मी येते. तवा उडवून दाखवा. उडलं त मी पुन्यांदा पुण्याचं नाव काढत नाही. नाही उडलं त सामान बांधायचं." मी ते कानात ओरडून सांगितलं. मिस्त्रींनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि त्यात गर्जना केली, "मंजूर! मशीनच्या बाबतीत तुहा बाप हारत नसते!"

पौर्णिमेला अडीच महिने होते.

सोबत इंग्रजी पुस्तिका होती. ती मी वाचायची आणि मराठीत सांगायची असं ठरलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना होती की कारखान्यात जोडलेला भाग उघडू नये. मी ती दोनदा वाचून दाखवली. मिस्त्रींनी ऐकून घेतली आणि चटईवर जुनं धोतर पसरून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं उघडलं.

"दुसऱ्याच्या हातचा नट आपून कसा मानावा?" ते म्हणाले.

चार दिवस तपासणी चालली. आत काहीच चूक सापडली नाही, आणि त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. मग त्यांनी ते आपल्या हातानं पुन्हा जोडलं. पाती घरच्या दोऱ्याला टांगून तोलली, हलक्या पात्याला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. जमिनीवर कलंडू नये म्हणून खाली बांबूच्या काड्यांची फुली बांधायची होती, टोकांना प्लास्टिकचे चेंडू. इंधन नागपूरहून आलं. त्यात एरंडेल तेल असतं, आणि इंजिन सुरू झालं की आवारभर तो वास सुटायचा. लहानपणी पोट साफ करायला जे पाजलं जायचं ते आठवून मी दोन पावलं मागे व्हायचो.

पहिल्या दिवशी पंखा फिरायला लागला आणि हेलिकॉप्टर हुडहुडी भरल्यासारखं थडथडायला लागलं. मिस्त्रींनी झटकन बंद केलं. सगळं पुन्हा कसलं. दुसऱ्या दिवशी थडथड आणखी वाढली. पुन्हा कसलं. आठवडाभर असं चाललं होतं. शेवटी मी पुस्तिकेतलं एक वाक्य नीट वाचलं, जे मी आळसानं गाळलं होतं. पाती मुळाशी आवळून बसवायची नसतात. हेलिकॉप्टर आडवं धरलं तर पातं आपल्याच वजनानं हळूच झुकावं, एवढं सैल ठेवायचं. पंखा फिरायला लागला की ती आपोआप सरळ रेषेत येतात.

मिस्त्रींनी पुस्तिकेवर बोट ठेवलं. "ढिलं सोडा म्हनते?"

"हो."

"उडत्या मशीनले?"

जिनिंगमध्ये नट ढिला राहिला तर एखाद्याचा हात जातो. मिस्त्रींनी हयातीत कधी नट ढिला सोडला नव्हता. दुसऱ्या कोणी सोडला तर ते चिडून दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी पाना हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला, आणि अर्धा फेरा उलटा फिरवला. मग पाणी प्यायले. संध्याकाळी पंखा असा फिरला की नुसती एक चकती दिसावी. थडथड पार गेली. मिस्त्री आनंदले नाहीत, विचारात पडले.

पुढची फजिती आमची दोघांची. उडवायची जागा अर्थातच जिनिंगचं आवार. मी डाव्या हाताला उभा, मिस्त्री शेपटीच्या मागे रिमोट घेऊन. त्यांनी जोर दिला, हेलिकॉप्टर वीतभर उचललं, आणि आवाराच्या कानाकोपऱ्यातून, फरशीच्या फटींतून, पत्र्यांच्या पन्हाळींतून वर्षानुवर्षं साचलेली रुई उठली. पांढरे पुंजके गरागरा फिरायला लागले. मला मिस्त्री दिसेनात, मिस्त्रींना हेलिकॉप्टर दिसेना. कुठेतरी खर्रर्र झालं आणि सगळं शांत झालं. रुई खाली बसली तेव्हा हेलिकॉप्टर कुशीवर पडलं होतं, इंजिनच्या पंख्यात रुईचा बोळा, आणि मिस्त्रींच्या भुवया, मिशा, टोपी सगळं पांढरं. दोन माणसं, ज्यांची आयुष्यं त्या रुईत गेली, त्यांना रुई उडते हे आठवलं नाही. मोठ्या हेलिकॉप्टरच्या वेळी टँकर कशाला आला होता, हेही तेव्हाच कळलं. मिस्त्री इतके हसले की खाली बसले. बायको गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज पहाटे आवार झाडायचे आणि बादल्यांनी शिंपायचे. मोडलेलं पातं बदललं. आता खरी अडचण उरली ती उडवायची. जमिनीवर असेतो यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. वर गेलं की त्याला हात लावता यायचा नाही, काडी लावता यायची नाही. ते डावीकडे झुकलं की मिस्त्री स्वतः डावीकडे धावायचे, जणू खांदा देऊन सावरणार आहेत, आणि धावताना अंगठे विसरायचे. "हे माह्यापासून दूर जाऊन बिघडते," ते वैतागून म्हणाले. "दूर गेलेल्याले दुरुस्त कसं करावं मानसानं?"

माझी दोन्ही मुलं तेव्हा नागपूरला होती आणि पत्राला उत्तर देत नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, ते उडालं. आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, मग मिस्त्रींच्या डोक्याएवढं, आणि तिथेच थांबलं. मिस्त्री जागेवरून हलले नाहीत. पाय रोवून उभे, अंगठे इतके बारीक हलत होते की मला दिसतही नव्हते. टाकीतलं इंधन संपत येईतो त्यांनी ते हवेत धरून ठेवलं आणि ओल्या फरशीवर अंडं ठेवावं तसं उतरवलं.

"आयकू येते साहेब," त्यांनी छातीवर पंजा ठेवला. "इथं धपधप लागते. काडी कायले पाह्यजे?" त्यांचे डोळे भरले होते. मीही डोळे पुसले, एरंडेलाच्या धुराचं निमित्त करून. पैज जिंकली होती. मला आनंद झाला, आणि लगेच पुण्याच्या त्या पोरीची आठवण आली. सांगू नका असं तिनं बजावलं होतं, म्हणून ती थकल्याचं मी मिस्त्रींना सांगितलं नाही.

दुपारी प्रज्ञा आणि मैत्री आल्या. मीही मिस्त्रींकडेच होतो. प्रज्ञा वाळली होती. चहा व्हायच्या आत ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली, चपला पायातच. मिस्त्रींनी तिच्या पायातल्या चपला हळूच काढल्या. थोड्या वेळानं ती दचकून जागी झाली, दुकानातून काही आणायचं म्हणून तिनं पर्स उचलली, आणि त्याबरोबर कोपऱ्यात खेळणारी मैत्री उठली. आपली छोटी पिशवी तिनं खांद्याला लावली, दारापाशी जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "आज मी कोणाकडे राहू?"

रडली नाही, हट्ट केला नाही. नेहमीचं काम असावं तसं विचारलं. आवाज बारीक होता. मिस्त्रींना तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

पण ते त्या पिशवीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाल्यावर आम्ही आवारात जमलो. फरशी शिंपलेली, वारा नाही, कालच्याइतकीच चांगली वेळ. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. पंखा फिरला, चकती झाला. डाव्या अंगठ्यानं जोर द्यायचा असतो. मी त्या अंगठ्यावर नजर ठेवून होतो. त्यांनी हळूहळू जोर दिला, हेलिकॉप्टर हलकं झालं, चेंडूंवर डुलायला लागलं, आता उचलणार असं वाटलं, आणि अंगठा तिथेच थांबला. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही. यंत्र जमिनीवर थरथरत राहिलं. वर उडवण्यापेक्षा तिथे धरून ठेवणं अवघड होतं आणि मिस्त्रींनी ते बराच वेळ धरून ठेवलं. मग बंद केलं.

"नाही उडत, माय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "हारला तुहा बाप."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. "काका?"

मिस्त्री फडक्यानं हेलिकॉप्टर पुसत होते. मान वर केली नव्हती.

"नाही उडत," मी म्हणालो. "किती दिवस बघतोय मी."

पुढचे तीन दिवस सामान बांधण्यात गेले. शेवटच्या सकाळी ते चौकीदाराला हॉलमध्ये घेऊन गेले आणि कोणता रेचा किती फिरवायचा ते दाखवलं. चौकीदार मान डोलवत होता. तो काही फिरवणार नव्हता. मिस्त्रींनी प्रत्येक रेच्यावर एकदा पंजा ठेवला, बाहेर आले आणि किल्ली देऊन टाकली. मला फार वाईट वाटलं. मी त्यांची वळकटी उचलली.

स्टँडवर यवतमाळची गाडी लागली होती. मिस्त्री खोका टपावर चढवू देईनात, कंडक्टरशी त्यांची जोरात बोलणी चालू होती. प्रज्ञा माझ्याजवळ आली.

"काका, आदल्या दिवशी उडलं व्हतं ना ते?"

मी गडबडलो. "तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाही. नाही उडलं, अन् बाबांनं खोललं नाही. नुसतं पुसलं." तिनं पदरानं डोळे टिपले. "न चालनारी मशीन ते असे पुसून ठेवतीन काय, काका?"

"मग बोलली काहून नाहीस?" माझ्याही तोंडून तिची बोली निघाली.

"बोलली असती त ते राह्यले असते ना इथं."

कंडक्टर हरला. खोका आत गेला, मागोमाग सगळे चढले. मी खिडकीशी गेलो. मिस्त्री मैत्रीला शेजारी घेऊन बसले होते. ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ताठ बसली होती, कुठेही उतरायला सांगितलं तर उतरायच्या तयारीत. मिस्त्रींनी तिचं एकेक बोट सोडवून पिशवी काढून घेतली आणि वरच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात सारली. ती थोडा वेळ वर बघत राहिली. गाडी कळंबच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनं आजोबांच्या दंडावर डोकं टेकलेलं होतं.